शेरा मारण्यापूर्वी: नवनियुक्त मिथाइलट्रान्सफरेजांसाठी सूचना

अभिनंदन. रायबोसोमवरून उतरलात, साखळीची घडी नीट पडली आणि केंद्रकाच्या छिद्रातून आत पोचलात, म्हणजे तुमची नेमणूक पक्की झाली. रुजू झाल्याचा अर्ज कोणाकडे द्यायचा हे विचारू नका. इथे तो कोणीच घेत नाही. तुमचा हुद्दा हिस्टोन लायसिन मिथाइलट्रान्सफरेज. हुद्दा जितका लांबलचक, काम तितकं किरकोळ, हा सगळ्या कचेऱ्यांचा नियम इथेही लागू आहे. हिस्टोन नावाच्या प्रथिनातल्या एखाद्या लायसिनवर एक मिथाइल गट चढवायचा: एक कार्बन, तीन हायड्रोजन. त्यासाठी जागा सोडणारा हायड्रोजन वजा केला तर हिस्टोनचं वजन १४ डाल्टननी वाढतं. एच३ हे हिस्टोन एकटंच पंधरा हजार डाल्टनच्या पुढे भरतं. म्हणजे तुम्ही मारलेला शेरा फाइलच्या वजनाचा हजारावा भागही नाही. तरीही त्या शेऱ्यामुळे काही फायली पेशी जिवंत असेपर्यंत उघडत नाहीत.

नवीन मंडळींचा पहिला गैरसमज इथेच होतो. त्यांना वाटतं, शेऱ्यात हुकूम असतो: हे जनुक चालू करा, ते बंद करा. शेऱ्यात काहीही नसतं. चौथ्या लायसिनवरचा मिथाइल आणि नवव्या लायसिनवरचा मिथाइल यांत अणूचाही फरक नाही. तो कोणत्या ओळीवर पडला, किती वेळा पडला आणि नंतर तो कोणी वाचला, सगळा अर्थ त्यात. ही पुस्तिका म्हणूनच शेरा कसा मारावा यापेक्षा तो कुठे मारू नये यावर जास्त बोलते.

(आर्जिनिनवर शेरे मारणारी पीआरएमटी मंडळी वेगळ्या खोलीत बसतात. त्यांच्याशी गोड बोला, त्यांच्या कामात पडू नका. ही पुस्तिका त्यांच्यासाठी नाही.)

फाइल ओळखणे

माणसाच्या एका पेशीत सुमारे दोन मीटर डीएनए असतो आणि ज्या केंद्रकात तो ठेवायचा त्याचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. म्हणून डीएनए हिस्टोनांभोवती गुंडाळून ठेवलेला आहे. एच२ए, एच२बी, एच३ आणि एच४ प्रत्येकी दोन, अशा आठांच्या गठ्ठ्याभोवती डीएनएच्या १४७ जोड्यांचे पावणेदोन वेढ्यांच्या किंचित आत वेटोळे. याला न्यूक्लिओसोम म्हणतात. रॉजर कॉर्नबर्ग यांनी १९७४ साली ही मांडणी सुचवली. १९९७ साली झुरिकमध्ये करोलिन लुगर, टिमोथी रिचमंड आणि सहकाऱ्यांनी स्फटिक करून तिचं अणूंच्या पातळीवरचं चित्र काढलं. त्या चित्रात हिस्टोनांच्या शेपट्यांचा बराच भाग दिसतच नाही, कारण शेपट्या एका जागी स्वस्थ बसत नाहीत. तुमचं काम मात्र बहुतेक त्या शेपट्यांवरच आहे. असे न्यूक्लिओसोम एका पेशीत तीन कोटींच्या घरात आहेत, तेव्हा घाई करण्यात अर्थ नाही. तशीही तुमच्या जातीची एन्झाइमं संथपणाबद्दल प्रसिद्ध आहेत, आणि त्याबद्दल कोणी मेमो दिल्याचं ऐकिवात नाही.

ओळी मोजताना काळजी घ्या. एच३ची मोजणी अ‍ॅलॅनिनपासून सुरू होते. त्याच्याही आधी असलेलं मिथिओनिन तुम्ही पोचण्यापूर्वीच कापून टाकलेलं असतं. तुम्हाला पुन्हा पुन्हा भेटणारे लायसिन चौथे, नववे, सत्ताविसावे आणि छत्तिसावे. आता खरी मेख ऐका. सात ते दहा या जागांवर क्रमाने अ‍ॅलॅनिन, आर्जिनिन, लायसिन, सेरिन आहेत. पंचवीस ते अठ्ठावीस या जागांवरही क्रमाने अ‍ॅलॅनिन, आर्जिनिन, लायसिन, सेरिन. लायसिनची अगदी लगतची वस्ती पाहून शेरा मारणाऱ्याची इथे हमखास फसगत होते. थोडं मागेपुढे वाचा. नवव्यावरचे तीन मिथाइल म्हणजे गुणसूत्राचा तो भाग कायमचा दप्तरखान्यात. सत्ताविसाव्यावरचे तीन म्हणजे हे जनुक या पेशीत सध्या नको. पण ते बंद ठेवणारी टोळी वेगळी, तिचे नियम वेगळे. जी९ए हे चांगलं मुरलेलं एन्झाइम, त्याचं खातं नववं. तेसुद्धा परीक्षानळीत सत्ताविसाव्यावर शेरा मारताना सापडलेलं आहे.

डॉट१एल यांना वरचं काही लागू नाही. ते शेपटीकडे बघतही नाहीत. गठ्ठ्याच्या पोटातल्या एकोणऐंशीव्या लायसिनवर शेरा मारतात. तोही शेजारच्या एच२बीवर युबिक्विटिन बसलेलं असेल तर अधिक उत्साहाने. तुमच्यापैकी जवळजवळ सगळ्यांच्या अंगात जो सेट नावाचा भाग आहे तो त्यांच्यात नाही. प्रत्येक खात्यात असा एक असतोच.

शाई कुठून येते

मिथाइल तुम्ही घरून आणायचा नाही. तो एस-अ‍ॅडेनोसिलमिथिओनिन या रेणूवर असतो. सगळे त्याला सॅम म्हणतात. जुलिओ कॅन्टोनी यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला तो शोधला. मिथिओनिन आणि एटीपी एकत्र करून पेशी तो बनवते आणि त्यात एटीपीची तिन्ही फॉस्फेटं खर्ची पडतात. एका किरकोळ शेऱ्यासाठी एवढा खर्च का, याचं उत्तर गंधकात आहे. सॅममध्ये मिथाइल धनभारित गंधकाला चिकटलेला असतो आणि गंधकाला तो नकोसा झालेला असतो. नायट्रोजन जवळ आला की द्यायला एका पायावर तयार.

मिथाइल दिल्यावर उरतं ते एस-अ‍ॅडेनोसिलहोमोसिस्टिन. हा रेणू तुमच्या खिशात सॅमइतकाच चपखल बसतो आणि काम संपलं तरी उठायचं नाव घेत नाही. त्याला वेळेवर हाकलणारं दुसरं एन्झाइम पेशीत आहे. ते त्याचे दोन तुकडे करतं, अ‍ॅडेनोसिन आणि होमोसिस्टिन. होमोसिस्टिनवर पुन्हा मिथाइल चढवून मिथिओनिन करायला फोलेट आणि बी१२ लागतात. म्हणजे तुमच्या शाईचा पुरवठा घरमालकाच्या ताटापर्यंत जातो. पुण्यातल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी आसपासच्या गावांतल्या गरोदर स्त्रियांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्यात दोनतृतीयांशच्या आसपास स्त्रियांच्या रक्तात बी१२ कमी आढळलं, आणि होमोसिस्टिन चढलेलं दिसणंही नेहमीचंच होतं. २००८ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत, गरोदरपणी बी१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या मातांच्या सहा वर्षांच्या मुलांमध्ये इन्सुलिनला होणारा प्रतिरोध अधिक होता. यावरून लगेच हिस्टोनांवरचे शेरे बिघडले असा निष्कर्ष काढू नका; त्या अभ्यासाने शेरे मोजले नव्हते. पण शाई कुठून येते हे विसरू नका.

प्रत्यक्ष कृती

आधी एक इशारा. एकट्याने निघू नका. ईझेडएच२ यांच्यासारखं नावाजलेलं एन्झाइमसुद्धा ईईडी आणि एसयूझेड१२ हे दोन सोबती नसतील तर नुसतं बसून राहतं. तिघांना मिळून पीआरसी२ म्हणतात. एमएलएल घराण्यातल्या मंडळींनाही चौथ्या लायसिनवर काम करताना आपला लवाजमा लागतो. एसईटीडी२ यांची पद्धत सगळ्यांत सोयीची: जनुक वाचत पुढे सरकणाऱ्या आरएनए पॉलिमरेजच्या शेपटीला धरून जायचं आणि वाटेतल्या प्रत्येक फाइलवर छत्तिसाव्या ओळीला शेरा मारत राहायचं. चालायचे कष्ट नाहीत.

आता तुमच्या अंगावरचे दोन दरवाजे पाहा. सेट भागाच्या एका बाजूला सॅमचा खिसा आहे. विरुद्ध बाजूने हिस्टोनची शेपटी येऊन टेकते, आणि तिचं लायसिन एका अरुंद बोळातून आत घुसतं. बोळाच्या टोकाशी लायसिनचा नायट्रोजन आणि सॅमचा मिथाइल समोरासमोर येतात. पण लायसिन नेहमीच्या परिस्थितीत जादा प्रोटॉन घेऊन धनभारित फिरत असतं आणि तोवर त्याच्या नायट्रोजनकडे देण्याघेण्यासाठी मोकळी जोडी नसते. तो प्रोटॉन आत शिरताना सुटावा लागतो. बोळातल्या पाण्याच्या रेणूंवाटे तो बाहेर जातो असं मानतात आणि तुमच्या अंगातलं टायरोसिन नायट्रोजनला योग्य कोनात धरून ठेवतं. मग नायट्रोजन थेट मागून मिथाइलवर चाल करतो, गंधक पुढून सोडतो, आणि मधल्या क्षणी मिथाइल दोघांचाही नसतो. त्याचे तीन हायड्रोजन उलट दिशेला वळतात आणि काम होतं. तुम्ही स्वतः काही दिलं नाही, काही घेतलं नाही, फक्त दोघांना बरोबर अंतरावर उभं केलं. तरी सगळं श्रेय तुमच्या नावावर.

एक, दोन की तीन

लायसिनवर एक, दोन किंवा तीन मिथाइल बसू शकतात. तुमचा कोटा किती, हे तुमच्या बोळाच्या टोकाशी कोण बसलंय त्यावर ठरतं. तिथे टायरोसिन असेल तर त्याचा हायड्रॉक्सिल गट जागा अडवतो आणि एकदा मिथाइल चढवलेल्या लायसिनला दुसऱ्या फेरीसाठी वळायला वाव उरत नाही. फेनिलअ‍ॅलॅनिन असेल तर मोकळीक. न्यूरोस्पोरा या बुरशीतलं डिम-५ हे एन्झाइम तीन मिथाइल चढवतं. त्याचं २८१ क्रमांकाचं फेनिलअ‍ॅलॅनिन बदलून टायरोसिन बसवलं तर ते एक-दोनावर थांबतं. माणसातलं सेट७/९ एकच चढवतं. त्याचं ३०५ क्रमांकाचं टायरोसिन काढून फेनिलअ‍ॅलॅनिन ठेवलं की दोनपर्यंत जातं. एका ऑक्सिजन अणूवर सगळा अधिकार. यीस्टमधलं सेट१ मात्र चौथ्या ओळीवरचं पहिलं, दुसरं, तिसरं सगळं एकटंच उरकतं. छोट्या कचेरीत असंच चालतं.

आणि हे लक्षात असू द्या: तिन्ही मिथाइल चढले तरी लायसिनचा धनभार तसाच राहतो. शेजारची अ‍ॅसिटिल चढवणारी मंडळी भार पुसून टाकतात, त्यामुळे त्यांच्या कामाने हिस्टोनची डीएनएवरची पकड थेट सैल होते. तुमच्या कामाने असं काहीही होत नाही. लायसिन थोडं जाडजूड होतं आणि पाण्याला थोडं परकं, एवढंच. मग फरक पडतो तो वाचणाऱ्यांमुळे. एचपी१ या प्रथिनाच्या एका कप्प्यात तीन सुगंधी अमिनो आम्लांचा पिंजरा आहे. तीन मिथाइलवालं नववं लायसिन त्यात नेमकं बसतं, कोरं लायसिन बसत नाही. एचपी१ येऊन बसलं की आपल्यासारखी आणखी बोलावतं, न्यूक्लिओसोम जवळजवळ दाटतात आणि फाइल बंद होते. म्हणजे फाइल तुम्ही बंद केलीच नव्हती. तुम्ही फक्त कोणाच्या तरी नजरेला पडेल अशी खूण केली होती.

शेजाऱ्यांचा मान राखणे

कामाला हात लावण्यापूर्वी शेजारी काय लिहिलंय ते वाचा. एच३वर छत्तिसाव्याला मिथाइल दिसले तर पीआरसी२ने त्याच शेपटीच्या सत्ताविसाव्याला हात लावायचा नाही. ते चालू जनुक आहे, त्याचं काम चाललंय. नववा तिहेरी शेरा व्यवस्थित असूनही एचपी१ सुटून गेलेलं दिसलं तर घाबरून पुन्हा शेरा मारू नका, दहावं सेरिन बघा. पेशी विभाजनाला लागते तेव्हा ऑरोरा बी हे एन्झाइम तिथे फॉस्फेट ठेवतं आणि वाचकाला ढकलून देतं. शेरा तसाच राहतो, फक्त वाचणारा काही काळ उठलेला असतो.

भ्रूणाच्या मूलपेशींत बदली झाली तर एक विचित्र प्रकार दिसेल. २००६ साली बर्नस्टाइन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की तिथल्या विकासाशी संबंधित कित्येक जनुकांवर ‘उघडा’ म्हणणारा चौथ्या लायसिनचा आणि ‘बंद’ म्हणणारा सत्ताविसाव्याचा, असे दोन्ही शेरे एकाच वेळी असतात. पेशीने अजून काय व्हायचं ते ठरवलेलं नसतं. फाइलवर दोन साहेबांचे परस्परविरोधी शेरे बघायची सवय ज्यांना आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

घराण्याचा इतिहास, थोडक्यात

१९२०च्या दशकाअखेर हर्मन मुलर यांनी क्ष-किरण मारलेल्या फळमाश्यांच्या संततीत डोळ्यांवर लाल-पांढरे ठिपके पाहिले. लाल रंगाचं जनुक शाबूत होतं, फक्त उलथापालथीत बंद फायलींच्या शेजारी जाऊन पडलं होतं. पुढे अशी जनुकं सापडली जी बिघडली तर हे ठिपके कमी होतात. त्यांपैकी एक एसयू(व्हीएआर)३-९, आणि तुमच्या सेट या नावातला ‘एस’ त्याचा. ‘ई’ एन्हान्सर ऑफ झेस्ट यातला आणि ‘टी’ ट्रायथोरॅक्स यातला. एवढं सगळं होऊनही या प्रथिनांचं काम काय हे कोणाला ठाऊक नव्हतं. हिस्टोनांवर मिथाइल असतात हे १९६४ सालीच कळलं होतं आणि त्याचा जनुक वाचण्याशी संबंध असावा असं व्हिन्सेंट ऑलफ्री यांनी तेव्हाच म्हटलं होतं. तो मिथाइल चढवतं कोण, हे व्हिएन्नात थॉमस येनुवाइन यांच्या गटाने २००० साली माणसाच्या एसयूव्ही३९एच१ वर दाखवलं. छत्तीस वर्षं तुमचं नाव हजेरीपटावर नव्हतं आणि काम चालू होतं.

त्यानंतरही चार वर्षं सर्वत्र अशी समजूत होती की तुमचा शेरा पुसता येत नाही, हिस्टोन मोडेपर्यंत तो राहतो. २००४ साली बोस्टनमध्ये यांग शी यांच्या प्रयोगशाळेने एलएसडी१ पकडलं आणि ती समजूत मोडली. एलएसडी१ एक किंवा दोन मिथाइल काढू शकतं, तिसरा नाही; तीन मिथाइल चढले की नायट्रोजनकडे त्याला हवी ती मोकळी जोडी राहत नाही. तीन काढणारी मंडळी २००६मध्ये सापडली, लोह आणि ऑक्सिजन वापरणारी. दोन्ही पद्धतींत काढलेला मिथाइल फॉर्माल्डिहाइड होऊन बाहेर पडतो, म्हणजे शवविच्छेदनाचे नमुने टिकवायला वापरतात तेच. तुमचा खोडलेला प्रत्येक शेरा थोडं विष मागे ठेवतो, हे पुसणाऱ्यांना कधीतरी आठवण करून द्या.

तुमची सही खरंच लागते का

हा प्रश्न कर्मचारी विचारत नाहीत, संशोधक विचारतात, आणि उत्तर दोन्हीकडे जातं. २०१३ साली माशीच्या काही पेशींत नेहमीची एच३ बदलून सत्ताविसाव्या जागी लायसिनऐवजी आर्जिनिन बसवलं गेलं, म्हणजे शेरा मारायला जागाच ठेवली नाही. त्या पेशी अगदी तशाच वागल्या जशा शेरा मारणारं एन्झाइमच नसल्यावर वागतात. म्हणजे तिथे शेराच महत्त्वाचा. उलट २०१७ साली उंदराच्या मूलपेशींत एमएलएल३ आणि एमएलएल४ यांचा फक्त काम करणारा भाग मारला, बाकी शरीर तसंच ठेवलं. चौथ्या लायसिनवरचा एकेरी शेरा बराच घटला, पण जनुकं बव्हंशी पूर्वीसारखीच चालू राहिली. एन्झाइम नुसतं हजर असणं पुरेसं होतं. माझं मत विचाराल तर या दुसऱ्या प्रयोगावर खात्यात फारशी चर्चा होत नाही याची कारणं वैज्ञानिक नाहीत.

सेवापुस्तिकेतले वाईट दाखले

हे थट्टेचे नाहीत. काही लिम्फोमांमध्ये ईझेडएच२च्या ६४१ क्रमांकाच्या टायरोसिनचा बदल सापडतो. बदललेलं एन्झाइम पहिला मिथाइल चढवायला आळशी आणि दोनाचे तीन करायला उतावीळ होतं. धडधाकट प्रत शेजारी पहिला, दुसरा चढवत असतेच. दोघांच्या हाताखाली तिहेरी शेऱ्यांचा पूर येतो. कबुकी सिंड्रोमचं वर्णन जपानी डॉक्टरांनी १९८१ साली केलं. त्यामागे बहुतेकदा एमएलएल घराण्यातल्या केएमटी२डी या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक निकामी असते, हे २०१० साली कळलं. लहान मुलांच्या मस्तिष्कस्तंभातल्या एका गाठीत तर एन्झाइमाचा दोषच नसतो. हिस्टोनच्याच सत्ताविसाव्या जागी लायसिनऐवजी मिथिओनिन असतं. असं हिस्टोन एकूण साठ्यात थोडंच असतं, तरी ते पीआरसी२ला अडवतं, आणि सगळीकडचे सत्ताविसावे शेरे घटतात.

विभाजनाच्या दिवशी

डीएनएची नक्कल होते तेव्हा जुनी एच३-एच४ दोन्ही प्रतींत वाटली जातात आणि उरलेल्या जागी कोरी येतात. निम्म्या फायली कोऱ्या. त्या भरायला पीआरसी२ची पद्धत शिका: ईईडी शेजारच्या जुन्या फाइलवरचा सत्ताविसावा शेरा वाचतं, तो सापडला की ईझेडएच२चा वेग वाढतो आणि बाजूच्या कोऱ्या फाइलवर तोच शेरा पडतो. तिहेरी शेरे भरून यायला वेळ लागतो, पुढचं चक्र सुरू होऊन बराच काळ. मध्येच पुढचं विभाजन आलं तरी रजिस्टर अपुरं म्हणून कोणी थांबत नाही.

शेवटची सूचना फक्त ईझेडएच२ यांच्यासाठी. सॅमच्या खिशात सॅमऐवजी काही वेगळंच बसल्यासारखं वाटलं, ओढूनही निघेना, तर ते टॅझेमेटोस्टॅट असू शकतं. एपिथेलॉइड सार्कोमा या दुर्मिळ कर्करोगासाठी अमेरिकेने जानेवारी २०२०मध्ये मान्यता दिलेलं औषध. तक्रार करू नका, तुमच्या मागे फायलींचा ढीग वाढतोय म्हणून धावपळ करू नका. रजा मंजूर समजावी.